रिचर्ड पेटी बघायचा तर आधी लेव्हल क्रॉस, मग शार्लटचा ट्रॅक

स्टॉक कार शर्यतींचा राजा म्हणून सगळी अमेरिका ज्याला ओळखते, त्या रिचर्ड पेटीची कारकीर्द नॉर्थ कॅरोलायनात तीन ठिकाणी तिकीट काढून बघता येते. एक, लेव्हल क्रॉस या खेड्यातलं पेटी म्युझियम. दोन, शार्लट शहरातलं नॅसकार हॉल ऑफ फेम, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार संस्थेचं दिग्गजांचं संग्रहालय. आणि तीन, त्याच्या नावाने चालणारा ड्रायव्हिंग एक्स्पिरियन्स. यात शार्लट मोटर स्पीडवेवर शर्यतीची खरी गाडी चालवायला मिळते किंवा तिच्यात शेजारी बसून फेरी मारता येते. बहुतेक लोक हॉल ऑफ फेम बघतात, हौस असेल तर ट्रॅकवर जातात आणि लेव्हल क्रॉस वाकडी वाट करून जावं लागतं म्हणून सोडून देतात. आमचा सल्ला उलटा आहे. एकच ठिकाण जमणार असेल तर लेव्हल क्रॉसला जा. दोन जमणार असतील तर ट्रॅक जोडा. हॉल ऑफ फेम देखणं आहे, पण पेटी समजायला ते तिसऱ्या नंबरावर.

असं का, तर पेटीच्या नावापुढे सगळीकडे एकच आकडा लावलेला दिसतो: २०० विजय. तो एका ड्रायव्हरचा पराक्रम वाटतो. खरं तर तो एका घराचा आणि त्या घराशेजारच्या गॅरेजचा हिशेब आहे, आणि हे फक्त लेव्हल क्रॉसला उभं राहिल्यावर डोक्यात शिरतं.

ज्यांचा मोटारशर्यतींशी संबंध फॉर्म्युला वनपुरता आहे त्यांच्यासाठी थोडी तयारी. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून घेतलेली साधी गाडी. १९४९ साली नॅसकारने दुकानात मिळते तशाच गाड्यांची मालिका सुरू केली आणि तिची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लटच्याच पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर झाली. तिथे ली पेटी नावाच्या गृहस्थाने दुसऱ्याची मागून आणलेली ब्युइक रोडमास्टर उलटवली. त्याचा ११ वर्षांचा मुलगा ते बघत होता, तो रिचर्ड. जड गाडी वळणावर आवरत नाही हा धडा घेऊन लीने पुढे हलकी प्लिमथ धरली. बाप १९५४, १९५८ आणि १९५९ असा तीनदा अजिंक्य ठरला आणि या खेळातली सगळ्यात मानाची शर्यत डेटोना ५०० १९५९ मध्ये पहिल्यांदा झाली ती त्यानेच जिंकली. मुलाने सात अजिंक्यपदं मिळवली (१९६४, १९६७, १९७१, १९७२, १९७४, १९७५, १९७९), डेटोना ५०० सात वेळा जिंकली, एकूण ११८४ शर्यती धावल्या. विजयांच्या यादीत त्याच्या खालोखाल असलेला डेव्हिड पिअर्सन १०५ वर थांबला. एवढे आकडे पाठ असले की पाट्या वाचताना अडायला होत नाही.

लेव्हल क्रॉस ग्रीन्सबरोच्या दक्षिणेला, रँडलमन गावाजवळ आहे. शार्लटहून गाडीने साधारण दीड तास लागतो. म्युझियम ब्रॅन्सन मिल रोडवर आहे आणि जुन्या मोटारी नव्याने बांधून देणारं पेटीज् गॅरेज त्याला लागूनच आहे. पेटी कुटुंबाचं जुनं घरही तिथेच. हे खेडं आहे, आजूबाजूला बाजारपेठ नाही, तेव्हा जेवण ग्रीन्सबरोत उरकून या. निघण्याआधी त्या दिवशी म्युझियम उघडं आहे ना याची फोन करून खात्री करा. दीड तास गाडी हाकून बंद दारासमोर उभं राहायची वेळ येऊ नये. आत दीड ते दोन तास पुरतात, गाड्यांची आवड असणाऱ्यांना तीन.

आत शिरल्या शिरल्या लोक निळ्या गाड्यांकडे धावतात. तसं करू नका. आधी बाहेर उभं राहून घर आणि गॅरेज यांच्यातलं अंतर बघा. पेटी एंटरप्रायझेस हा अमेरिकेतला एक सगळ्यात यशस्वी शर्यतसंघ कापणीचं यंत्र ठेवायच्या शेडमध्ये, मातीच्या जमिनीवर सुरू झाला. ली गाडी चालवायचा, मुलं पाने-हातोड्या हातात घेऊन गाडीखाली. पुढे वाटण्या आपोआप झाल्या. रिचर्ड स्टिअरिंगवर. धाकटा भाऊ मॉरिस, ज्याला लहानपणी पोलिओ झाला होता, तो इंजिनांवर. नात्यातलाच डेल इनमन गाडीच्या बांधणीवर आणि पिटमधून शर्यत चालवण्यावर. क्रू चीफ, म्हणजे गाडीमागच्या चमूचा प्रमुख, म्हणून इनमनच्या नावावर आठ अजिंक्यपदं आहेत: सात रिचर्डबरोबरची आणि आठवं १९८४ मध्ये टेरी लबॉन्टे या ड्रायव्हरबरोबरचं. हॉल ऑफ फेममध्ये रिचर्ड २०१० साली पहिल्याच तुकडीत गेला, ली २०११ ला, इनमन २०१२ ला आणि मॉरिस २०१४ ला. एका अंगणातून चौघे.

घरचं गॅरेज म्हणजे लाडाकोडाचा कारभार, असं मात्र नव्हतं. लीचा नियम होता की २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय शर्यत नाही. रिचर्ड २१ चा झाला आणि त्याच महिन्यात, जुलै १९५८ मध्ये, टोरोंटोला पहिली मोठी शर्यत धावला. तिथे मागून फेरी चढवत आलेल्या बापानेच त्याला ढकलून कुंपणाकडे घातलं आणि शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी अटलांटाच्या लेकवुड ट्रॅकवर रिचर्डला विजेता म्हणून झेंडा दाखवला गेला. फेऱ्या मोजण्यात चूक झाली आहे अशी तक्रार दुसऱ्या क्रमांकाच्या ड्रायव्हरने नोंदवली. तो ड्रायव्हर ली होता. तक्रार बरोबर निघाली, विजय बापाला मिळाला. रिचर्डचा पहिला विजय मग २८ फेब्रुवारी १९६० ला आला, शार्लटच्या फेअरग्राउंडच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर. हे माहीत असलं की चषकांच्या कपाटासमोर नजर आपोआप जुन्या, लहान चषकांकडे जाते.

प्रदर्शनातल्या गाड्या अधूनमधून बदलतात, त्यामुळे अमुकच गाडी दिसेल असं धरून जाऊ नका. पण जी कुठली असेल तिच्यावर दोन गोष्टी जवळून बघा. पहिली, रंग. तो आकाशी निळा 'पेटी ब्लू' म्हणून ओळखला जातो. गाडी रंगवायला कुठलाच एक रंग पुरेसा नव्हता, म्हणून उरलेला पांढरा आणि निळा एकत्र कालवला आणि तो रंग कायमचा चिकटला. १९७२ मध्ये एसटीपी या इंजिनातल्या तेल-इंधनात घालायच्या द्रवाच्या कंपनीने प्रायोजकत्व देऊ केलं. तिचे प्रमुख अँडी ग्रॅनाटेली यांना अख्खी गाडी लाल हवी होती. पेटी निळा सोडेना. रात्रभर घासाघीस झाल्यावर अर्धी लाल, अर्धी निळी असा तोडगा निघाला, आणि ४३ नंबरची तीच गाडी पुढे वीस वर्षं धावली. लाल आणि निळा एकमेकांना भिडतात ती रेघ बघा. तो करार तिथे रंगात लिहिलेला आहे.

दुसरी गोष्ट, १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड समोर आली तर तिचं नाक आणि मागचा पंख. प्लिमथ वेगासाठी योग्य आकाराची गाडी देत नाही म्हणून पेटी १९६९ चा हंगाम फोर्डकडे गेला होता. त्याला परत आणण्यासाठी कंपनीने टोकदार नाकाची आणि उंच पंखाची ही गाडी बनवली. नियमाप्रमाणे ती सामान्य गिऱ्हाइकांना विकणंही भाग होतं, म्हणून दोन हजारांच्या आतबाहेर गाड्या रस्त्यावर आल्या. त्या वेळी लोकांना ती विचित्र वाटली, कित्येक दुकानांत पडून राहिली, काही विक्रेत्यांनी तर नाक आणि पंख काढून साधी गाडी म्हणून विकली. आज तीच जुन्या गाड्यांच्या लिलावात सोन्याच्या भावाने जाते. पंखाची उंची बघताना सगळ्यांच्या मनात येतं की एवढा उंच कशाला. झाकण उघडायला जागा हवी आणि मागच्या काचेवरून येणाऱ्या गढूळ हवेच्या वर, स्वच्छ हवेत पंख हवा, ही त्याची कारणं.

बाहुल्यांचा आणि पट्ट्यांच्या बकलांचा संग्रह काही जणांना कंटाळवाणा वाटेल. घाईत असाल तर पुढे सरका. पण बाहुल्या रिचर्डची पत्नी लिंडा हिच्या आहेत, आणि वर्षाला चाळीस-पन्नास शर्यतींच्या काळात हे घर तिने चालवलं, हे ध्यानात ठेवून एक चक्कर जरूर मारा.

म्युझियमबद्दल आमची तक्रार एकच: इथे वस्तू भरपूर, उलगडा कमी. ज्याला आधीपासून माहीत आहे त्याच्या डोळ्यांत पाणी येईल, नवख्याला मात्र चषकांची रांग दिसेल. २०० या आकड्याचं तर विशेष होतं. तो कसा वाचायचा ते इथे लिहितो.

१९७१ संपेपर्यंत पेटीचे १४० विजय झाले होते. तोवर एका हंगामात पन्नासच्या आसपास शर्यती असत, त्यातल्या कितीतरी लहान गावांतल्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवरच्या, आठवड्यातून दोन-दोन. १९७२ पासून छोट्या शर्यती वगळल्या गेल्या आणि हंगाम तीस-एकतीस शर्यतींवर आला. त्यानंतरचे त्याचे विजय ६०. म्हणून आजच्या ड्रायव्हरशी थेट तुलना करणाऱ्याला २०० फुगवलेला वाटतो. ती तुलना चुकीची आहे, पण शंका खोटी नाही. उत्तर १९६७ सालात आहे. त्या वर्षी पेटी ४८ शर्यतींना उभा राहिला आणि २७ जिंकला, त्यातल्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या ओळीने १०. आठवड्यातून दोनदा गाडी ट्रेलरवर चढवायची, रात्रभर प्रवास, सकाळी इंजिन उघडून परत बसवायचं, संध्याकाळी शर्यत. गाडी मध्येच बंद पडली की विजय गेला. ओळीने दहा वेळा ती बंद पडली नाही. हे ड्रायव्हिंगइतकंच मॉरिसच्या इंजिनांचं आणि इनमनच्या तपासणीचं काम आहे.

त्याच गॅरेजचा काळा दिवसही सांगायला हवा. ऑक्टोबर १९८३ मध्ये शार्लटची शर्यत पेटीने जिंकली, त्याचा १९८ वा विजय. तपासणीत इंजिन ३५८ घनइंचाच्या मर्यादेऐवजी जवळजवळ ३८२ निघालं आणि टायरही नियमबाह्य होते. ३५,००० डॉलर दंड झाला, १०४ गुण कापले गेले, विजय मात्र कायम ठेवला. त्यानंतर पेटी स्वतःच्या घरचा संघ सोडून माइक कर्ब यांच्या संघाकडे गेला. १९९ वा आणि २०० वा विजय घरच्या गाडीत आलेच नाहीत. २०० वा ४ जुलै १९८४ ला डेटोनाला, अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या साक्षीने आला, आणि ती गाडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनकडे गेली. भाऊ आणि बापाच्या गॅरेजने १९८ पर्यंत आणून सोडलं आणि शेवटचे दोन परक्या अंगणात झाले, हे लेव्हल क्रॉसला उभं राहून आठवलं की आकडा फार वेगळा दिसतो.

हॉल ऑफ फेमबद्दल थोडक्यात. ११ मे २०१० ला उघडलेली ही इमारत शार्लटच्या मधोमध आहे, शहराच्या लाइट रेलने जाता येतं. लहान मुलं बरोबर असतील तर तिन्हींत हेच सोयीचं: सिम्युलेटर आहेत, पिटमध्ये टायर बदलण्याचा खेळ आहे, वातानुकूलन आहे. मुख्य आकर्षण ग्लोरी रोड, म्हणजे जुन्या शर्यतगाड्या मांडलेला वक्र रस्ता. तो सपाटीपासून चढत चढत ३३ अंशांपर्यंत तिरपा होतो, अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकच्या वळणाइतका. त्याच्या शेवटच्या भागाजवळ थांबून वर बघा. टीव्हीवर हा तिरपेपणा कधीच कळत नाही. दुसरी चुकवू नये अशी वस्तू म्हणजे चोरटी दारू गाळायची भट्टी. ती ज्युनियर जॉन्सन या जुन्या नामांकित ड्रायव्हरने स्वतःच्या हातांनी जोडून दिली आहे. या भागात दारूचे डबे भरून पोलिसांना चुकवत पळणाऱ्या गाड्यांतून हा खेळ वाढला आणि जॉन्सन वडिलांच्या भट्टीवर पकडला जाऊन तुरुंगातही जाऊन आला होता. आपल्याकडच्या हातभट्टीशी तुलना मनात येईलच. सिम्युलेटरसाठी रांग लागते, तेव्हा आधी तिथे नंबर लावा आणि मग बाकीचं बघा.

आता ट्रॅक. पैसे सगळ्यात जास्त इथे जातात आणि चुकाही इथेच होतात.

शार्लट मोटर स्पीडवे शहराबाहेर, काँकॉर्डला आहे. ट्रॅक दीड मैलाचा, वळणांवर २४ अंश तिरपा. दोन प्रकार असतात: शेजारी बसून फेरी आणि स्वतः चालवणं. शेजारी बसायचं तर प्रशिक्षित ड्रायव्हर ताशी दीडशे मैलांच्या आसपास नेतो. त्या वेगाने एक फेरी ३६ सेकंदांत संपते, म्हणजे तीन फेऱ्या पावणेदोन मिनिटांत. पैसे भरताना हा हिशेब करा, नाहीतर उतरल्यावर हळहळ वाटते. स्वतः चालवताना वेग कमी असतो, पण वेळ जास्त मिळतो. बुकिंग करताना विचारायचे प्रश्न: किती फेऱ्या की किती मिनिटं? पुढे इन्स्ट्रक्टरची गाडी असते की फक्त कानात रेडिओ? गाडीला धक्का लागला तर भरपाई कोणी द्यायची? वय, उंची, वजनाच्या अटी काय? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण गाडीला दार नसतं, खिडकीतून आत शिरावं लागतं. घरच्या ज्येष्ठांना भेट म्हणून तिकीट काढण्याआधी त्यांना गुडघे छातीशी घेऊन वळता येतं का, ते बघा.

हा ट्रॅक ओव्हल, म्हणजे लंबगोल; तो ओला असला की त्यावर गाड्या सोडत नाहीत. कॅरोलायनात उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस ठरलेला, तेव्हा सकाळची पहिली वेळ घ्या आणि त्याच दिवशी परतीचं विमान ठेवू नका. पाऊस आला तर पुढची तारीख मिळते की पैसे परत, हे आधी वाचून ठेवा. पायात पातळ तळव्याचे बंद बूट हवेत. जाड तळव्याच्या बुटांत पेडल जाणवत नाही.

गाडी मॅन्युअल आहे, चार गिअरची. इथे महाराष्ट्रात गाडी शिकलेल्यांचा फायदा होतो, कारण क्लच त्यांना माहीत असतो. पण गिअर उजव्या हाताने टाकायचा असतो आणि हाताची सगळी सवय उलटी होते. आदल्या दिवशी गाडीत बसल्याची कल्पना करून उजव्या हाताने गिअरची आकृती दहा-वीस वेळा काढून बघा, उपयोग होतो. क्लच जड आहे आणि झटक्यात पकडतो. पिटमधून निघताना गाडी बंद पडणं ही सगळ्यात सामान्य फजिती. उपाय: आधी थोडे आर.पी.एम. (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढवा, मग क्लच एका दमात न सोडता पकडेपर्यंत धरून ठेवा. स्पीडोमीटर शोधू नका, तो नसतोच. टॅकोमीटर, म्हणजे आर.पी.एम. दाखवणारी तबकडी, बघायचा आणि सांगितलेल्या आर.पी.एम.च्या पुढे जायचं नाही.

सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते. घाबरू नका, ती बिघडलेली नाही. ओव्हलवर फक्त डावी वळणं असल्यामुळे गाडी मुद्दाम तशी जुळवलेली असते, उजवीकडच्या टायरचा घेर डावीकडच्यापेक्षा जास्त असतो. म्हणून सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागतं, आणि वळणात ते हलकं सोडलं की गाडी आपणहून आत जाते. वळणात शिरताना भिंतीच्या बाजूने या, मध्यावर खालच्या रेघेजवळ उतरा, बाहेर पडताना परत भिंतीकडे सुटू द्या. नजर बोनेटवर ठेवली की उशीर होतो. पुढच्या वळणाच्या शेवटाकडे बघा. आणि एक चूक अजिबात करू नका: वळणाच्या मध्यावर भीतीने ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलणं. वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात आणि गाडीचं शेपूट सुटतं. पाय हळूहळू काढा, हळूहळू द्या. स्टिअरिंग घट्ट आवळल्याने दोन मिनिटांत दंड भरून येतात, तेव्हा पकड सैल ठेवा.

ड्रायव्हिंगचा हा भाग मौजेचा आहे, पण आमच्या मते तिकिटाचे पैसे वसूल होतात ते गाडी सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांत. आग न लागणारा सूट, हेल्मेट, डोकं आणि मान धरणारा पट्टा. मग खिडकीतून पाय आधी, छताची कड धरून स्वतःला आत सोडायचं, मग स्टिअरिंग त्याच्या जागी खटकन बसवायचं. कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर हवा. खांद्यांचे पट्टे ओढल्यावर श्वास जरा आखडला पाहिजे. आणि शेवटी खिडकीवर जाळी चढते.

ही जाळी नीट बघा. मे १९७० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टन ट्रॅकवर पेटीची गाडी भिंतीवर आदळली आणि कोलांट्या खात गेली. त्याचं डोकं आणि हात खिडकीतून बाहेर लोंबकळत होते. तो वाचला, खांदा निखळला. त्यानंतर खिडकीला जाळी सक्तीची झाली. डोकं आणि मान धरणारा पट्टा २००१ मध्ये सक्तीचा झाला, त्या वर्षी फेब्रुवारीत डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला त्यानंतर. अर्नहार्टही सात वेळचा अजिंक्य. आणि इंजिन तत्काळ बंद करायचं बटण कुठे आहे ते इन्स्ट्रक्टरला आधी दाखवायला सांगा, बोट एकदा तिथपर्यंत नेऊन बघा. रिचर्डचा नातू, काइलचा मुलगा ॲडम, १२ मे २००० रोजी न्यू हॅम्पशायरला सरावात भिंतीवर आदळून गेला. तो १९ वर्षांचा होता. ॲक्सिलरेटर अडकला असावा असं मानलं जातं. दोनच महिन्यांत त्याच वळणावर केनी अर्विन गेला. त्यानंतर स्टिअरिंगवर हाताशी असं बटण नॅसकारने सक्तीचं केलं. पणजोबा ली त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला होता, नातवाच्या मुलाने पहिली मोठी शर्यत धावल्यावर तीन दिवसांनी. ॲडमच्या नावाने पेटी कुटुंबाने आजारी मुलांसाठी रँडलमनला व्हिक्टरी जंक्शन हे शिबिर उभारलं, ते २००४ पासून चालू आहे.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. लेव्हल क्रॉस आधी बघितलेला माणूस पट्टे आवळताना वेगळा असतो. थेट ट्रॅकवर आलेल्याला हे सगळं अंगावरचं ओझं वाटतं, फोटो काढायच्या घाईत तो सूचना अर्ध्याच ऐकतो.

आणखी एक अंदाज बसावा म्हणून: याच ट्रॅकवर पेटी १९७५ पर्यंत मोठी शर्यत जिंकू शकला नव्हता, पंधरा वर्षं. त्या वर्षी मे महिन्यात त्याने ६०० मैलांची शर्यत जिंकली. ४०० फेऱ्या, चार तासांहून जास्त, उन्हाळ्यात, ५० अंशांच्या पुढे तापलेल्या केबिनमध्ये. तीन फेऱ्यांनंतर तुमचे हात थरथरत असतील, तेव्हा हा आकडा आठवा.

फेऱ्या संपल्या की पिटमध्ये येताना वेग सांगितल्यापेक्षा आधीच कमी करा. एवढ्या वेगावरून उतरल्यावर ताशी पन्नास मैलांचा वेग चालल्यासारखा वाटतो आणि लोक नेहमी जास्त वेगात आत शिरतात. थांबल्यावर आधी न्यूट्रल, मग इंजिन बंद. हेल्मेटला हात लावायच्या आधी जाळी खाली पाडा. अपघातानंतर ड्रायव्हर जाळी पाडतो ती 'मी ठीक आहे' ही खूण असते, बाहेरची माणसं त्याचीच वाट बघतात. मग पट्टे, मग स्टिअरिंग काढून डॅशबोर्डवर ठेवा, आणि दोन्ही हातांनी छत धरून आधी कंबर खिडकीत काढा, पाय शेवटी.